टास्क्स ॲपमध्ये पहिले योगदान

टास्क्स हे अँड्रॉइड फोनवर कामांची यादी ठेवणारे मुक्तस्रोत ॲप आहे. कोणते काम कधीपर्यंत करायचे, ते किती महत्त्वाचे आहे, त्याची आठवण केव्हा हवी, ते दर आठवड्याला पुन्हा येते का, अशी माहिती ते साठवते आणि वेळ झाली की सूचना देते. त्याचा सोर्स कोड गिटहब या संकेतस्थळावर खुला असून तो जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिलेला आहे. हा कोड कोणीही वाचावा, बदलावा, बदललेली प्रत इतरांना द्यावी; अट एवढीच, की वाटलेल्या प्रतीचा कोडही त्याच परवान्याखाली खुला राहिला पाहिजे.

या अटीचे मोल टास्क्सच्या जन्मकथेतूनच कळते. २००८ साली सुरू झालेले ॲस्ट्रिड हे अँड्रॉइडवरील सुरुवातीच्या लोकप्रिय कार्ययाद्यांपैकी एक होते आणि लाखो लोक ते वापरत होते. मे २०१३ मध्ये याहूने ॲस्ट्रिडमागची कंपनी विकत घेतली आणि ५ ऑगस्ट २०१३ रोजी सेवा बंद झाली. सर्व्हर बंद झाला तरी फोनवरच्या ॲपचा कोड जीपीएलखाली आधीच खुला होता. एका प्रोग्रामरने तो घेतला, बंद पडलेल्या सर्व्हरवर अवलंबून असलेले भाग काढून टाकले आणि ॲप चालू ठेवले. तेच पुढे टास्क्स झाले. कोड बंद असता तर वापरणाऱ्यांना आपल्या याद्या घेऊन दुसरीकडे जाण्यावाचून गत्यंतर उरले नसते. मुक्तस्रोत प्रकल्पाला हातभार लावणे म्हणजे एक चांगले साधन कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहू नये याची तजवीज करणे, आणि या ॲपच्या बाबतीत तर ते घडून गेलेले वास्तव आहे.

नवख्यासाठी अशा प्रकारचे ॲप निवडण्यात मोठा फायदा आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा किंवा डेटाबेस इंजिन यांत पाऊल टाकायचे तर आधी तो विषयच शिकावा लागतो. कामांची यादी म्हणजे काय हे मात्र कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वापरणाऱ्याची अडचण काय आहे, कोणते बटण चुकीच्या जागी आहे, कोणती सूचना संदिग्ध आहे हे पहिल्या दिवसापासून कळते. त्याच वेळी ॲप पोटात बरेच काही बाळगून आहे: डेटाबेस, पार्श्वभूमीत चालणारी कामे, सर्व्हरशी जुळवणी, विजेट, जागेनुसार येणाऱ्या सूचना. शिकणाऱ्याला वर्षानुवर्षे पुरेल एवढी सामग्री येथे आहे.

सुरुवात कोडपासून करण्याची घाई बहुतेकांना असते, आणि बहुतेकांचे तेथेच चुकते. आधी ॲप काही आठवडे स्वतःच्या खऱ्या कामांसाठी वापरावे. उदाहरणार्थ, पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामासाठी टास्क्समध्ये दोन पर्याय आहेत: पुढची तारीख मूळ मुदतीपासून मोजायची, की काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून. घरभाडे दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे असते. या महिन्यात ते आठ तारखेला दिले म्हणून पुढची मुदत आठ होत नाही. पाण्याचा फिल्टर तीन महिन्यांनी बदलायचा असतो. पंधरा दिवस उशीर झाला तर पुढचे तीन महिने बदललेल्या दिवसापासूनच मोजायला हवेत. हा फरक ज्याने वापरून पाहिला नाही त्याला संबंधित कोडमधील फाटे निरर्थक वाटतील आणि तो ते 'सोपे' करायला जाईल.

वापरता वापरता बग सापडतात. त्यांची नीट नोंद करणे हे पहिले योगदान, आणि ते वाटते तितके किरकोळ नाही. गिटहबवर अशी नोंद इश्यू म्हणून केली जाते. 'सूचना येत नाही' एवढ्या तीन शब्दांच्या इश्यूवरून मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, काहीच करता येत नाही. कार्ययादीच्या ॲपवरील तक्रारींत ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे, म्हणून ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे.

अँड्रॉइडवर ठरलेल्या वेळी सूचना येण्यासाठी ॲप सिस्टिमकडे गजर नोंदवून ठेवते. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ नावाची सोय आली: फोन बराच वेळ न हलवता, स्क्रीन बंद ठेवून पडून राहिला की सिस्टिम ॲप्सची पार्श्वभूमीतील कामे लांबवते, बॅटरी वाचावी म्हणून. अँड्रॉइड १२ पासून अचूक वेळेचा गजर लावण्यासाठी वेगळी परवानगी आली. अँड्रॉइड १३ पासून साधी सूचना दाखवायलाही वापरणाऱ्याची संमती लागते. अँड्रॉइड १४ मध्ये नव्याने बसवलेल्या बहुतेक ॲप्सना अचूक गजराची परवानगी आपोआप मिळणे बंद झाले. यावर भर म्हणून काही फोन कंपन्या स्वतःची बॅटरी-बचत लादतात आणि वापरात नसलेले ॲप सरळ थांबवून टाकतात. म्हणजे तीच तक्रार पाच वेगवेगळ्या कारणांनी उद्भवू शकते आणि त्यांतली काही तर ॲपच्या हातात नसतात.

म्हणून उपयोगी नोंदीत फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती आणि ते प्ले स्टोअरवरून घेतले की एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲप्सच्या भांडारातून, हे असते. सूचनेच्या व गजराच्या परवानग्या दिल्या आहेत का, बॅटरी-बचतीतून ॲपला वगळले आहे का, हे असते. मग कृतीचा क्रम: कोणते काम तयार केले, मुदत काय ठेवली, सूचना केव्हा अपेक्षित होती, प्रत्यक्षात केव्हा आली किंवा आली नाही. शक्य असेल तर फोन संगणकाला जोडून काढलेला लॉग. मात्र लॉग किंवा स्क्रीनशॉट टाकण्याआधी त्यात स्वतःच्या कामांची नावे, ईमेल पत्ता किंवा सर्व्हरचा पत्ता आला आहे का हे पाहावे. इश्यू जगजाहीर असतात. एवढी माहिती एकत्र केली तर अनेकदा कारण नोंद करणाऱ्यालाच सापडते. न सापडले तर मेंटेनरचे प्रश्नोत्तरातले चार-आठ दिवस वाचतात.

त्याहून कमी लोक करतात असे आणि म्हणून जास्त मोलाचे काम म्हणजे इतरांनी नोंदवलेल्या बगची खातरजमा. जुने, खुले राहिलेले इश्यू उघडावेत, दिलेल्या कृती आपल्या फोनवर करून पाहाव्यात आणि निकाल लिहावा: अमुक आवृत्तीत अजून घडते, किंवा आता घडत नाही. एकाच बगच्या दोन नोंदी असतील तर त्या एकमेकींना जोडून द्याव्यात. या कामाला प्रोग्रामिंग लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि ॲपची सवय.

येथेच आणखी एक धडा मिळतो: प्रत्येक विचित्र वागणूक बग नसते. महिन्याच्या ३१ तारखेला पुन्हा येणारे काम फेब्रुवारीत किंवा एप्रिलमध्ये दिसले नाही तर कोणालाही ती चूक वाटेल. परंतु कॅलेंडर आणि कामे यांची देवाणघेवाण करण्याचा आयकॅलेंडर हा जो प्रमाण नमुना आहे, त्याचे २००९ चे आरएफसी ५५४५ हे दस्तऐवज सांगते की पुनरावृत्तीच्या नियमातून अस्तित्वात नसलेली तारीख निघाली तर ती सोडून द्यावी. दर महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर त्यासाठी नियम निराळ्या तऱ्हेने लिहावा लागतो. टास्क्स ज्या कॅलडॅव्ह (कॅलेंडर व कामे जुळवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) सर्व्हरांशी जुळते ते सगळे हाच नमुना पाळतात. एखाद्या ॲपने आपल्यापुरता नियम बदलला तर तेच काम फोनवर एका दिवशी आणि संगणकावर दुसऱ्या दिवशी दिसू लागेल. बग आहे की नियम, हे तपासण्यासाठी प्रमाण दस्तऐवजातला तो परिच्छेद उघडून वाचण्याची सवय ज्याला लागली, तो नवखा फार काळ नवखा राहत नाही.

कोड न लिहिता करायचे दुसरे मोठे काम भाषांतराचे. टास्क्सचे भाषांतर वेबलेट या संकेतस्थळावर चालते. तेथे खाते उघडले की ॲपमधील प्रत्येक वाक्य एका रकान्यात दिसते आणि शेजारी आपल्या भाषेतील वाक्य लिहायचे असते. भाषांतराची फाइल पुढे गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, आपोआप जाते. मराठी बोलणाऱ्याने आपल्या भाषेसाठी करण्यासारखे हे काम आहे, आणि ते वरवर दिसते त्याहून अधिक कसबाचे आहे.

अँड्रॉइड ॲपमध्ये पडद्यावर दिसणारी वाक्ये कोडपासून वेगळी, स्ट्रिंग्ज नावाच्या फाइलीत ठेवलेली असतात आणि प्रत्येक भाषेची फाइल स्वतंत्र असते. वाक्यात जेथे कामाचे नाव, तारीख किंवा आकडा येणार असेल तेथे टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारी खूण असते. ती खूण भाषांतरात जशीच्या तशी राहिली पाहिजे. तिच्यातले एक अक्षर गळले तरी तो पडदा उघडताच ॲप बंद पडू शकते. एकाच वाक्यात दोन खुणा असतील तर त्यांना क्रमांक दिलेले असतात, कारण मराठीत क्रियापद शेवटी जाते आणि तारीख कामाच्या नावाआधी येऊ शकते. क्रमांक कायम ठेवून खुणांची जागा बदलण्याची पूर्ण मुभा भाषांतरकाराला आहे. इंग्रजी क्रमाला चिकटून केलेले भाषांतर खुणा तुटल्या नाहीत तरी वाचायला अवघड होते.

आकड्यांसाठी निराळी व्यवस्था आहे. युनिकोडच्या भाषाविषयक माहितीकोशानुसार मराठीत संख्येचे दोन प्रकार धरले जातात: एक, आणि इतर. '१ काम' आणि '५ कामे' ही दोन्ही रूपे वेगवेगळ्या रकान्यांत भरावी लागतात. अरबीत असे सहा प्रकार आहेत, जपानीत एकच. त्यामुळे इंग्रजीत दोन रकाने आहेत म्हणून सगळीकडे दोनच, असे समजून चालत नाही. बटणावरच्या मजकुरात लांबीचाही प्रश्न येतो: चार अक्षरी इंग्रजी शब्दाच्या जागी पंधरा अक्षरांचा शब्द बसवला तर तो लहान पडद्यावर कापला जातो. भाषांतर केलेले ॲप प्रत्यक्ष फोनवर उघडून पाहणे यासाठीच गरजेचे आहे. प्रत्येक ॲपने एकाच गोष्टीसाठी निराळा शब्द वापरला तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो; संगणकावर वारंवार येणाऱ्या संज्ञांचा एकसारखेपणा राखण्यासाठी फ्युएल या प्रकल्पाने भारतीय भाषांसाठी याद्या तयार केल्या आहेत, त्यांत मराठीही आहे. तरी अखेरची कसोटी रोज फोन वापरणारा माणूस. 'रद्द करा' त्याला लगेच कळते, 'निरस्त करा' कळत नाही.

आता कोड. संगणकावर अँड्रॉइड स्टुडिओ बसवावा लागतो. तो फुकट मिळतो. त्याला किमान ८ जीबी मेमरी लागते, आणि संगणकातच खोटा फोन, म्हणजे एम्युलेटर, चालवायचा असेल तर १६ जीबी. एवढा संगणक नसेल तर एम्युलेटर सोडून द्यावा आणि खरा फोन यूएसबीने जोडावा. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. त्यातील यूएसबी डिबगिंग चालू करायचे. मग गिटने प्रकल्पाची प्रत उतरवून स्टुडिओत उघडायची. पहिल्या वेळी ग्रेडल हे बांधणीचे साधन अनेक लायब्ररी इंटरनेटवरून आणते. त्याला बराच वेळ लागतो आणि डेटाही पुष्कळ जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून हे करू नये.

टास्क्सची बांधणी दोन वाणांत होते. गुगल प्लेसाठीच्या वाणात गुगलच्या बंद लायब्ररी असतात. जेनेरिक नावाच्या वाणात त्या नसतात आणि एफ-ड्रॉइडवर हेच वाण जाते. नवख्याने जेनेरिक वाण निवडावे, गुगलच्या सेवांची जुळवाजुळव टळते. एक काळजी मात्र घ्यावी. स्वतः बांधलेल्या ॲपवर डिजिटल सही निराळी असते, आणि अँड्रॉइड एकाच नावाच्या ॲपवर दुसऱ्या सहीची प्रत चढू देत नाही. जुने ॲप काढून टाकण्याच्या भरात त्यातली खरी यादी पुसली जाण्याचा धोका असतो. आधी बॅकअप घ्यावा. जुना, पडून असलेला फोन मिळाला तर उत्तमच.

ॲप फोनवर चालू झाले की कोड वाचायचा. पूर्ण कोड वाचून मग काम सुरू करू, असा निश्चय करणारे बहुधा तेथेच थकतात. त्याऐवजी एक धागा पकडावा, आणि सर्वांत सोयीचा धागा पडद्यावरच्या शब्दांचा असतो. जे बटण किंवा जी सूचना बदलायची तिचा मजकूर स्ट्रिंग्जच्या फाइलीत शोधावा. तेथे त्या मजकुराला एक नाव दिलेले सापडते. ते नाव सबंध प्रकल्पात शोधले की ते जेथे वापरले आहे ती फाइल मिळते, आणि तेथून बटण दाबल्यावर कोणते फंक्शन चालते ते कळते. दहा-पंधरा मिनिटांत माणूस हजारो फाइलींच्या गर्दीतून नेमक्या जागी पोचतो.

वाचताना प्रकल्पाचा इतिहासही दिसतो. टास्क्सच्या कितीतरी फाइली आजही 'टोडोरू' आणि 'ॲस्ट्रिड' ही नावे असलेल्या फोल्डरांत आहेत. टोडोरू हे ॲस्ट्रिडमागच्या कंपनीचे पूर्वीचे नाव. मूळ कोड जावाचा. २०१९ मध्ये गुगलने अँड्रॉइडसाठी कॉटलिन या भाषेला पहिली पसंती जाहीर केल्यानंतर इतर अनेक प्रकल्पांप्रमाणे येथेही कोड कॉटलिनमध्ये येत गेला. पडद्याची मांडणीही जुन्या एक्सएमएल पद्धतीकडून जेटपॅक कंपोझ या नव्या पद्धतीकडे सरकते आहे. त्यामुळे एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी केलेली आढळते. त्यातली कोणती तऱ्हा नवी, हे गिटच्या नोंदींत तारखा पाहून ठरवावे आणि नव्या कामात तीच घ्यावी. जुनी दिसली म्हणून ती लगेच 'स्वच्छ' करायला बसू नये. चालू असलेला कोड मोडणे सोपे असते आणि त्याचा त्रास दुसऱ्यांना होतो.

जुन्या कोडमध्ये अनुभव साठलेला असतो, हे प्राधान्याच्या उदाहरणावरून दिसते. टास्क्समध्ये कामाला चार पातळ्या देता येतात: जास्त, मध्यम, कमी आणि काहीच नाही. आयकॅलेंडरच्या नमुन्यात मात्र ० ते ९ असे दहा आकडे आहेत. ० म्हणजे ठरवलेले नाही, १ सर्वांत वरचे, ९ सर्वांत खालचे. १ ते ४ जास्त, ५ मध्यम, ६ ते ९ कमी. दुसऱ्या एखाद्या ॲपने प्राधान्य ३ लिहिले असेल तर टास्क्स ते 'जास्त' म्हणून दाखवते. काम परत सर्व्हरवर पाठवताना 'जास्त'साठी सरसकट १ लिहिणे सोपे होते. पण मग वापरणाऱ्याने काहीच बदल केला नसताना दुसऱ्या ॲपमधला ३ हा आकडा १ होऊन जाईल. म्हणून कोड आधी पाहतो की सर्व्हरवरचा आकडा त्याच पट्ट्यात आहे का. असेल तर तो तसाच ठेवतो. चार-पाच ओळींचे हे फंक्शन आहे. घाईने वाचणाऱ्याला त्यातल्या अटी अनावश्यक वाटतील. अशा फंक्शनांच्या शेजारी सहसा चाचण्या लिहिलेल्या असतात, आणि कोड कशासाठी तसा आहे याचे सर्वांत खात्रीचे उत्तर त्या चाचण्यांत मिळते. ज्या फंक्शनाला चाचणी नाही त्याला ती लिहून देणे हेही पहिल्या योगदानासाठी चांगले काम आहे.

पहिला बदल छोटा आणि एकाच हेतूचा असावा: चुकीच्या ठिकाणी तुटणारा मजकूर, काळ्या थीममध्ये न दिसणारा आयकॉन, पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकला ज्याचे नाव सांगता येत नाही असे बटण. शेवटचे उदाहरण विशेष सुचवण्यासारखे आहे. नाव नसलेले बटण डोळस माणसाच्या लक्षातही येत नाही, पण दृष्टिहीन व्यक्तीसाठी ते नसल्यासारखेच असते, आणि दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते.

उलट 'कामाला आणखी एक रकाना द्यावा' ही मागणी निरुपद्रवी वाटते आणि हमखास फसवते. टास्क्समधील माहिती फोनवरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असते आणि रूम ही लायब्ररी तिची व्यवस्था पाहते. नवा रकाना आला की जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्या प्रत्येक फोनवरचा डेटाबेस न बिघडता बदलावा लागतो. त्यासाठी स्थलांतराचा कोड हवा. तो रकाना बॅकअपमध्ये जायला हवा आणि जुना बॅकअप उघडताना नसला तरी चालायला हवे. सर्व्हरवर तो कोणत्या नावाने पाठवायचा, ज्या सेवेत त्याला जागाच नाही तेथे काय करायचे, हे ठरवावे लागते. मग संपादनाचा पडदा, यादी, गाळणी, विजेट आणि सगळ्या भाषांतील मजकूर. एवढे सगळे लिहून झाल्यावर मेंटेनरने नकार दिला तर दोघांनाही वाईट वाटते. म्हणून छोट्या दुरुस्तीपलीकडचे काही करायचे असेल तर आधी इश्यूवर विचारावे, होकार मिळाल्यावरच लिहायला बसावे.

बदल पाठवण्याची रीत ठरलेली आहे. गिटहबवर मूळ प्रकल्पाचा फोर्क, म्हणजे स्वतःच्या खात्यातली प्रत, तयार करायचा. त्यातून त्या एका कामापुरती ब्रँच, म्हणजे वेगळी शाखा, काढायची. मुख्य ब्रँचवर काम केले की पुढे गुंता होतो. बदल कमिट करताना, म्हणजे गिटमध्ये नोंदवताना, संदेशात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहावे, कारण काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच. दरम्यान मूळ प्रकल्प पुढे गेला असेल तर आपली ब्रँच त्याच्या ताज्या अवस्थेवर आणून ठेवावी. मग पुल रिक्वेस्ट उघडायची: बदल पाहा आणि योग्य वाटला तर सामावून घ्या, अशी ती विनंती. तिच्यात संबंधित इश्यूचा क्रमांक, कोणत्या फोनवर व कोणत्या अँड्रॉइडवर तपासले ते, आणि पडद्यावर फरक दिसत असेल तर आधीचे व नंतरचे चित्र द्यावे. स्टुडिओने आपोआप बदललेली मोकळ्या जागांची, फाइलीच्या मांडणीची शेकडो ओळींची भर त्यात असू नये. तीन ओळींच्या दुरुस्तीसाठी तीनशे ओळी तपासायला लावणे हा दुसऱ्याच्या वेळेचा अनादर आहे.

हा मुद्दा भारतीय विद्यार्थ्यांच्या संदर्भात स्पष्टपणे सांगायला हवा. ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट करणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये माहितीच्या फाइलीत एखादा निरर्थक शब्द घालणाऱ्या विनंत्यांचा असा पूर आला की आयोजकांना नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तेथीलच काम धरले जाऊ लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पावर आपले नाव माहितीच्या फाइलीत जोडणाऱ्या विनंत्यांची रांग लागली. एका भारतीय शिकवणीच्या व्हिडिओत तो प्रकल्प नमुना म्हणून दाखवला होता. शिकण्याची इच्छा खरी होती, पण सराव चुकीच्या जागी झाला. गिटचा सराव स्वतःच्या रिकाम्या रिपॉझिटरीत करावा. दुसऱ्याच्या प्रकल्पात पाठवलेली प्रत्येक विनंती कोणा माणसाला उघडून वाचावी लागते. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कोडलाही हाच न्याय: ज्या ओळीचे कारण पाठवणाऱ्याला सांगता येत नाही, ती ओळ पाठवू नये.

पुल रिक्वेस्ट उघडली की सहसा बांधणी व चाचण्या सर्व्हरवर आपोआप चालतात. त्या अपयशी ठरल्या तर मेंटेनरची वाट न पाहता लॉग वाचून दुरुस्ती करावी. मग माणसाचा रिव्ह्यू. येथे टीका कोडवर होते, व्यक्तीवर नाही, आणि 'हे असे का केले' हा प्रश्न बहुतेक वेळा खरोखरच प्रश्न असतो. सुचवलेला बदल पटला तर करावा; पटला नाही तर कारण लिहावे. टास्क्ससारख्या ॲपचा बराचसा भार एकाच मुख्य मेंटेनरवर असतो, त्यामुळे उत्तराला आठवडे लागू शकतात. दोनेक आठवड्यांनी एकदा नम्रपणे विचारणे योग्य, रोज विचारणे नव्हे. नकारही येतो. चांगला लिहिलेला बदलही ॲपच्या दिशेशी जुळत नाही म्हणून नाकारला जातो, आणि तो निर्णय पुढची दहा वर्षे कोड सांभाळणाऱ्याचाच असायला हवा. ज्याला तो अजिबात मान्य नसेल त्याला जीपीएलने वेगळी प्रत चालवण्याचा हक्क दिलेलाच आहे. टास्क्स स्वतः त्याच हक्कावर उभे आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. स्वीकारलेल्या कोडवरचा स्वामित्वहक्क सामान्यतः लिहिणाऱ्याकडेच राहतो आणि तो कोड प्रकल्पाच्या परवान्याखाली वाटला जातो. काही प्रकल्प योगदान देणाऱ्याकडून वेगळा करार मागतात, काही ठिकाणी कमिटच्या शेवटी स्वतःच्या नावाची ओळ पुरते. ही दुसरी पद्धत लिनक्स कर्नलने २००४ मध्ये आणली. नोकरी करणाऱ्याने आपल्या नेमणुकीच्या कागदात बौद्धिक संपदेबद्दल काय लिहिले आहे ते आधी वाचावे. कामाच्या वेळेत, कार्यालयाच्या संगणकावर लिहिलेला कोड मालकाचा ठरू शकतो. आणि दुसरीकडून उचललेला कोड त्याचा परवाना जुळतो का हे पाहिल्याशिवाय घालू नये.

बदल मुख्य ब्रँचमध्ये सामावला गेला म्हणजे तो लगेच सगळ्यांच्या फोनवर गेला असे होत नाही. तो पुढच्या आवृत्तीत जातो, आणि आवृत्ती केव्हा काढायची हे मेंटेनर ठरवतो. प्ले स्टोअरवर ती आधी थोड्या लोकांना देऊन मग सर्वांसाठी खुली करता येते. एफ-ड्रॉइडची रीत वेगळी आहे: तेथे ॲप तयार अवस्थेत घेतले जात नाही, तर खुल्या सोर्समधून त्यांच्या यंत्रांवर बांधले जाते, म्हणून नवी आवृत्ती तेथे सहसा काही दिवस उशिरा पोचते. त्या आवृत्तीसोबत नवे बगही येतात, आणि आपण बदललेल्या भागाबद्दलचे इश्यू काही आठवडे डोळ्यांखाली ठेवणे हे ज्याने तो बदल केला त्याचेच काम आहे.